कडूबाईंचं पाणी

माझ्या सासूबाईंचं नाव कडूबाई. नावावर जाऊ नका. त्यांच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं जन्मतःच कडू नाव ठेवून टाकलं, म्हणजे हिच्यावर तरी कुणाची नजर पडायची नाही. कुणी नावावरून चेष्टा केली की त्या म्हणायच्या, "कडू हाय म्हणून टिकले. गोड असते तर मुंग्यांनी कवाच खाल्लं असतं." मी त्यांना आत्याबाई म्हणते. सून म्हणून आले तेव्हापासून आमचं जितकं जमलं तितकंच बिनसलंही. त्यांनाही तोंड आणि मलाही तोंड. हर्सूलला आमच्या गल्लीत कुणाला करमत नसलं की आमच्या दारासमोर उभं राहायचं, फुकटात करमणूक व्हायची.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी पाणी पिणं सोडलं.

विसरण्याचा आजार त्यांना चार-पाच वर्षांपासून आहे. आधी चष्मा विसरला, मग गॅस, मग माझं नाव. पण खाणंपिणं नीट होतं. यंदा काय झालं कळेना. भाकरीचा काला भरवला तर चार घास जायचे, पण पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. चमच्यानं घातलं तर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. ग्लास हातात दिला तर तो लांब सरकवून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आपलं नाय ते." स्वयंपाकघरात येईनात. उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून बसायच्या. मी म्हटलं, म्हातारपणाची सोंगं, आणखी काय.

डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. म्हणाले, "पाणी पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं तर ॲडमिट करा, नाकातून नळी घालावी लागेल."

ते ऐकून आमचे हे जागच्या जागी खचले. हे म्हणजे राजेंद्र, आत्याबाईंचा एकुलता एक. नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालेला माणूस, पण आईचं नाव निघालं की शाळकरी पोरगा होतो. मागच्या साली निमोनिया झाला तेव्हा आत्याबाई सलाईन उपसून काढायच्या, म्हणून दवाखान्यात त्यांचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले होते. त्या रात्रंदिवस एकच म्हणत होत्या, "सोडा मला, म्या काय चोरलं?" तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. मी पाहिलंय. घरी आल्यावर म्हणाले, "करुणा, काय वाट्टेल ते होवो, पुन्हा मायचे हात बांधू द्यायचे नाहीत."

आता नळी घालायची म्हणजे हात बांधणं आलंच.

आत्याबाई कोण होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं, कन्नड तालुक्यात. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा आत्याबाई शेंबडी पोर होत्या. घरातले देव गाठोड्यात बांधून बापानं नदीत सोडले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. लग्न होऊन आमच्या गावात आल्या, पुंडलिकमामांच्या घरात. मामा म्हणजे माझे सासरे, आता नाहीत. धम्म बदलला म्हणून गाव काही लगेच बदललं नव्हतं. आपली वस्ती बाहेर, पाण्याला ओढ्यात उकरलेला आपला एक झिरा, तोही उन्हाळा लागला की आटायचा. बहात्तरच्या दुष्काळात तो पावसाळ्यातही भरला नाही.

त्या साली आत्याबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. एक दिवस कामावरून आल्या, हाताला फोड, घरात थेंब नाही. घागर घेतली आणि सरळ गावातल्या आडावर गेल्या. आड म्हणजे गावाची प्यायच्या पाण्याची विहीर. रहाटाला पोहरा लटकत होता. कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही, पोहरा आत सोडला. गलका झाला, माणसं धावली, कुणी शिव्या दिल्या. मामा हातात काठी घेऊन मागं उभे राहिले. आत्याबाईंनी पाणी शेंदलं, घागर भरली आणि उरलेलं तिथंच, आडाच्या कठड्यावर उभं राहून, पोहऱ्याला तोंड लावून प्यायल्या. नंतर कितीतरी दिवस कुणी आपल्या माणसांना शेतात काम दिलं नाही. पण आड उघडा झाला तो झालाच.

ही गोष्ट आमच्या घरात देवघरातल्या आरतीसारखी होती असं म्हटलं असतं, पण आमच्यात देवघर नाही. बारशाला हीच गोष्ट, लग्नात हीच गोष्ट, चौदा एप्रिलला विहारात माईकवर हीच गोष्ट. सांगणारे आमचे हे. मला ती इतकी पाठ झाली होती की भाजी निवडता निवडता मी पुढचं वाक्य बोलायची आणि हे चिडायचे.

पुढं सगळे शहरात आले. मामा एमआयडीसीत लागले, आत्याबाईंनी इमारतींवर गारा उचलला. पोरगा शिकवला. सही करायला शिकल्या तेव्हा आठवडाभर जिथं जागा दिसेल तिथं सही. आणि एक नियम धरला. दारात कुणी पाणी मागितलं, भंगारवाला असो नाहीतर नगरसेवक, त्याला आत बोलवायचं, बसवायचं आणि भरलेला तांब्या त्याच्या हातात द्यायचा. उभ्या उभ्या दारात पाणी द्यायचं नाही. एकदा घाईत मी एका सिलेंडरवाल्याला उंबऱ्याबाहेर ग्लास दिला, तर मला त्याच्यादेखत असं झापलं की तो बिचारा पाणी न पिताच पळाला.

तर अशा बाईनं पाणी सोडलं होतं.

आम्ही त्यांना दुपारी सिडकोतल्या एका दिवस-केंद्रात नेतो. सोनिया मॅडम चालवतात. पस्तिशीची बाई, पुण्याला शिकून आलेली, बोलायला गोड, कामाला वाघ. विसरण्याचा आजार असलेली दहा-बारा म्हातारी माणसं तिथं असतात. त्यांच्याकडं एक खास खोली आहे. पडदे लावून अंधार केलेला, भिंतभर चित्र हलतं, छताला प्रकाशाचे दोरे लोंबतात ते हातात धरायचे. पाण्याची एक उंच काचेची नळी, त्यात रंगीत बुडबुडे. खुर्चीची गादी आवाजाबरोबर थरथरते. एक डबी वेगवेगळे वास सोडते. सोनिया मॅडम म्हणाल्या, "शब्द गेले तरी कान, नाक, कातडी यांना आठवतं काकू. आपण त्या रस्त्यानं माणसापर्यंत जायचं."

मी म्हटलं, झालं, म्हातारीला जत्रा दाखवणार. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी त्या बुडबुड्यांच्या नळीत डोकावून विचारलं, "मासे कुठं गेले?" चंदनाच्या वासानं शिंकल्या. मला वाटलं, सगळी थेरं. पण मॅडमनं मला विचारलं, त्यांना कसला वास आवडायचा? मी घरून मिसरी नेली, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची. तो वास खोलीत पसरला आणि आत्याबाईंनी बोट आपोआप हिरडीवर फिरवलं. प्रकाशाचे दोरे मांडीवर घेऊन, एकेक वेगळा करत, शांत बसल्या. घरी दिवसभर येरझाऱ्या घालणारी बाई अर्धी दुपार शांत बसली. मी तोंड मिटलं. त्या खोलीवर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

म्हणून पाण्याचं झालं तेव्हा आम्ही पहिल्यांदा सोनिया मॅडमकडंच गेलो. त्यांनी बरंच करून पाहिलं. नळाचा आवाज, पावसाचा आवाज, हापशाचा आवाज. काही नाही. मग म्हणाल्या, "पाण्याची त्यांची स्वतःची काही आठवण आहे का? अगदी जवळची?"

हे खुर्चीत ताठ झाले. आडाची गोष्ट सांगितली, अथपासून इतिपर्यंत. मॅडमच्या अंगावर काटा आला. "तोच आवाज हवा," त्या म्हणाल्या. "मिळेल?"

"का नाही मिळणार?" हे म्हणाले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर उजेड दिसला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावाला गेले. गावात आता सगळीकडं मोटारी. तो जुना आड तर लोखंडी जाळी टाकून बंद केलेला. पण सांडू म्हणून यांचा शाळेतला सोबती आहे, शेतकरी, त्याच्या मळ्यात जुनी विहीर, तिच्यावर लाकडी रहाट अजून जागेवर. सांडूनं दोर बांधला, पोहरा शोधून आणला आणि यांचं रेकॉर्डिंग होईपर्यंत भर उन्हात पाणी शेंदत राहिला. विहिरीतल्या पाण्याचं चित्रीकरणही आणलं. संध्याकाळी घरी येऊन मला ऐकवलं. रहाटाची कुरकूर, पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज, वर येताना गळणारं पाणी. छान होतं. मी म्हटलं, "आता म्हातारी आडच संपवते की नाही बघा." पण हे नेहमीसारखे खुलले नाहीत. मला वाटलं उन्हानं दमले.

खोलीत आम्ही चौघं होतो. आत्याबाई खुर्चीत, मॅडम यंत्रापाशी, आम्ही दोघं दाराजवळ. भिंतीवर विहिरीचं पाणी हललं. रहाट कुरकुरला. खाली गादी थरथरली.

आत्याबाईंनी मान वर केली. किती तरी दिवसांनी डोळ्यांत ओळख आली. हे माझ्या कानात म्हणाले, "बघ, आता उठून शेंदायला जाईल."

त्या उठल्या खऱ्या. पण भिंतीकडं गेल्या नाहीत. चार पावलं मागं सरकल्या. डोक्यावरून पदर पुढं ओढला. जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ करून हनुवटीखाली धरली. कोपरं बाहेर काढलेली, मान वाकलेली. तशाच थांबल्या.

सोनिया मॅडमला आनंद झाला. "पाणी मागतायत!" म्हणत त्या ग्लास घेऊन धावल्या आणि ओंजळीला लावायला गेल्या. आत्याबाई झटकन मागं झाल्या.

"शिवू नका, बाई," त्या म्हणाल्या. "वरून घाला."

मॅडमला काही कळलं नाही. त्यांनी बाटली उचलली आणि वरून धार धरली. आत्याबाई प्यायला लागल्या. घटाघटा. घशाची घाटी वरखाली होत होती, पाणी कोपरांवरून गळत होतं, आणि त्या थांबेनात. दोन दिवस थेंब न घेतलेली बाई अर्धी बाटली प्यायली. मॅडमचे डोळे भरून आले.

हे पुढं झाले आणि त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बंद करा ते."

आम्ही रिक्षानं निघालो. आत्याबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. घरी आल्यावर हे गच्चीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलले. गावात सांडूच्या ओसरीवर त्याची आई बसली होती म्हणे, द्वारकाबाई. पंच्याऐंशी पार केलेली, कान ठणठणीत. हा कडूबाईंचा राजू, असं सांडूनं सांगितल्यावर हसून म्हणाली, "कडू व्हय? माझी आठवण सांग तिला. आडावर मीच असायचे. लई पाणी घातलंय म्या तिच्या ओंजळीत. तासन् तास बसायची बिचारी, कुणी घालंस्तोवर."

"प्रेमानं म्हणाली गं," हे म्हणाले. "खरंच प्रेमानं. चहा पाजला मला. कपात."

मला राग आला. कुणावर ते मला सांगता येत नव्हतं. आपण इतकी वर्षं तो एक दिवस सांगत आलो. आत्याबाई आडावर एक दिवस चढल्या, पण त्याच्या आधी झिरा आटला की उन्हाळ्याचे उन्हाळे रोज त्या खाली बसल्या होत्या, ते आमच्यापैकी कुणी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी स्वतःही सांगितलं नाही. माईकवर ते कोण सांगतं? रहाट वाजला की आमच्या कानाला जिंकलेलं ऐकू येतं. त्यांच्या कानाला काय येत होतं ते आज समजलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ग्लास नको, तांब्या नको, चमचा नको. जीभ लाकडासारखी झाली होती. मी म्हटलं, "चला केंद्रात, त्या पितात ना तिथं."

"नाही," हे म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"जिनं आडात पोहरा टाकला, तिला मी खाली बसवून वरून पाणी घालू देऊ? परक्या माणसाला? ऐंशी वर्षांची झाल्यावर?"

"मग काय मानापायी म्हातारी सुकवायची?" माझा आवाज चढला. "तुमच्या भाषणातली कडूबाई वाचवताय का ही आत बसलेली?"

वर्मी लागलं होतं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

मग मीच करून पाहायचं ठरवलं. फोनवर तो आवाज लावला, आत्याबाईंपुढं तांब्या घेऊन उभी राहिले. त्यांनी ओंजळ धरली. मी तांब्या वाकवणार तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हात सोडले.

"तू बी आपल्यातलीच," त्या म्हणाल्या. "तुला कोण चढू देतंय आडावर? बस माझ्याशेजारी. येईल कुणीतरी."

आणि मला हाताला धरून बसवलं. मी बसले. फोन वाजत राहिला, रहाट कुरकुरत राहिला आणि आम्ही दोघी सासवासुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाण्याची वाट बघत बसलो. स्वयंपाकघरात फिल्टर, फ्रीज, माठ, सगळं भरलेलं. मला आयुष्यात इतकं रडू कधी आलं नव्हतं. हे दारातून बघत होते.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "आता थांबता येणार नाही. उद्या सकाळी घेऊन या."

मी सोनिया मॅडमला फोन करून सगळं सांगितलं, आडाखालचं, ओंजळीचं, सगळं. आडपडदा ठेवला नाही. त्या म्हणाल्या, "काकू, मी काल काय केलं ते मला माहीतच नव्हतं. मी ते रेकॉर्डिंग काढून टाकते."

"काढून टाकलंत तर त्या पिणार कशा?" मी म्हटलं. "तुमच्यावर राग नाही बाई. राग करायला आत्ता सवड नाही."

फोन ठेवला तर हे समोर उभे. "मॅडमला सांग, आम्ही येतोय," म्हणाले. "पण पाणी मी घालणार. परक्यानं वरून घातलेलं तिनं लई पिलं. आता प्यायचंच असेल तर माझ्या हातचं."

"मग इथंच घाला ना."

"इथं नाही. या घरात तिनं कुणाला दाराबाहेर पाणी पाजलं नाही. या घरात मी ते करणार नाही."

मला पटलं. पण मला नाकारलं तसं यांना नाकारलं तर? हेही आपल्यातलेच. मग उद्या सकाळी तीच खाट, त्याच पट्ट्या.

केंद्रात संध्याकाळची वेळ, बाकीची म्हातारी माणसं घरी गेलेली. मॅडमनं पडदे ओढले. यांनी कुणाला न विचारता स्टीलचा तांब्या भरून घेतला. आवाज सुरू झाला. आत्याबाई खुर्चीतून उतरल्या, मागं सरकल्या, उकिडव्या बसल्या. ओंजळ हनुवटीखाली. हे पुढं जाऊन उभे राहिले.

आत्याबाईंनी हळूहळू नजर वर नेली. पँटीची कडक इस्त्री. पांढराशुभ्र शर्ट. खिशाला लावलेलं पेन. रिटायर झाले तरी यांचा हा पोशाख सुटला नव्हता, आणि तो सुटू नये म्हणून आत्याबाईच मागं लागायच्या, "माझा राजू साहेब दिसला पाहिजे." पेनापर्यंत नजर गेली आणि तिथंच थांबली. तोंडाकडं पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. मान खाली घातली.

"घाला, मालक," त्या म्हणाल्या.

यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. ज्या माणसासारखा त्यांनी मुलगा घडवला, त्याच माणसाला त्या घाबरत होत्या. मला वाटलं हे तांब्या खाली ठेवतील. मॅडमनं तोंडावर हात धरला होता.

यांनी तांब्या वाकवला. बारीक धार धरली, ठसका लागू नये इतकी बारीक. आत्याबाई प्यायल्या. ओंजळ रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. यांच्या डोळ्यांतलं पाणी शर्टावर गळत होतं, पण तांब्याचा हात हलला नाही. अर्ध्याहून जास्त तांब्या पोटात गेला. मी मनात म्हटलं, वाचली म्हातारी.

मग त्या प्यायच्या थांबल्या. ओंजळ मात्र पुढंच.

"अजून थोडं घालता का, मालक?" त्या म्हणाल्या. "मला नको. घरी लेकरू हाय. सकाळपासून तान्हेलंय."

यांनी ओंजळ काठोकाठ भरली. आत्याबाई ती सांडू न देता उठायला लागल्या. पायात जोर नव्हता. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं, तशा त्या घाबऱ्या झाल्या, ओंजळ छातीशी धरून इकडंतिकडं रस्ता शोधायला लागल्या. त्या अंधारात भिंतीशिवाय काही नव्हतं.

हे गुडघ्यांवर बसले. त्यांच्याहून खाली झाले. मान वाकवली, आईच्या ओंजळीला तोंड लावलं आणि प्यायला लागले.

आत्याबाई एकदम स्तब्ध झाल्या. ओंजळ जराशी तिरपी केली, त्याच्या तोंडात नीट जावं म्हणून.

"हळू पी रे," त्या म्हणाल्या. "ठसका लागंल."